उंचावर मोटरसायकल का दमते?

२००८ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी आणि माझा एक मित्र मोटरसायकलवरून मनालीहून लेहला निघालो होतो. गाडी ३५० घन सेंटिमीटरची, एका सिलिंडरची, कार्बुरेटरवर चालणारी. घाटात ती कधी कुरकुरली नव्हती. पण बारालाचा ला या सुमारे ४,९०० मीटर उंचीच्या खिंडीकडे चढताना तिने अंग टाकले. (तिकडच्या भाषेत 'ला' म्हणजेच खिंड.) अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी वेग वाढेना आणि धुराड्यातून काळा धूर येऊ लागला. मित्राने थांबून स्पार्क प्लग काढला, तर त्याच्यावर काजळीचा थर. त्याच्या मते प्लग खराब निघाला होता. नवा प्लग बसवला, पण दहा किलोमीटरांत तोही काळा झाला.

विद्यार्थी मित्रहो, दोष प्लगचा नव्हता, गाडीचाही नव्हता. मग कशाचा?

"उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी असते," असे उत्तर बहुतेकजण देतील. हे उत्तर अर्धवट आहे. मुंबईच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि हिमालयाच्या खिंडीतही तो २१ टक्केच असतो. कमी होते ती हवाच. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो आणि वरच्या सगळ्या थरांचे वजन खालच्या हवेला दाबून ठेवते. जसजसे वर जावे तसतसे डोक्यावरचे ओझे हलके होते आणि हवा विरळ होते. समुद्रसपाटीला वायुभार ७६० मिलिमीटर पारा असतो. याच रस्त्यावरील टंगलंग ला ही सुमारे ५,३०० मीटर उंचीची खिंड घेतली, तर तिथे तो ३९० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा भरतो. घनता मात्र अगदी निम्मी होत नाही, कारण वरची हवा थंड असते आणि थंड हवा आकसते. मुंबईत ३० अंश सेल्सियस आणि खिंडीत ५ अंश तापमान धरून हिशेब केला, तर एक लिटर हवेचे वस्तुमान मुंबईत १.१७ ग्रॅम आणि खिंडीत ०.६५ ग्रॅम येते. म्हणजे ५६ टक्के.

आता इंजिनाकडे वळू. पिस्टन खाली आला की सिलिंडरमध्ये ३५० घन सेंटिमीटर जागा मोकळी होते आणि तेवढी हवा आत येते. इंजिन हवा वजनाने घेत नाही, मापाने घेते, आणि माप ठरलेले आहे. ते पूर्ण भरते असे मानले, तर मुंबईत एका घोटात ०.४१ ग्रॅम हवा आत जाते आणि खिंडीत फक्त ०.२३ ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून मुंबईत एका घोटात २८ मिलिग्रॅम पेट्रोल नीट जळू शकते, तर खिंडीत १५-१६ मिलिग्रॅमच. जळणच कमी तर शक्तीही कमी. कागदावर २० अश्वशक्तीचे इंजिन तिथे सुमारे ११ अश्वशक्तीचे उरते. इंजिनाच्या आतले घर्षण काही उंचीबरोबर फारसे घटत नाही. ते वजा केले तर १० धरा.

हे पुरेल का? गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३५० किलोग्रॅम समजू. १२ मीटर अंतराला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जायचे, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २,८६० वॅट, म्हणजे पावणेचार अश्वशक्ती लागते. खडीच्या रस्त्यावर चाकांना होणारा विरोध धरला की ती पाचच्या वर जाते. दहातून पाच गेले, पाच उरले, असे वाटेल. पण ते दहा मिळतात इंजिन पूर्ण फेऱ्यांवर फिरत असताना. हेअरपिन वळणावर फेरे निम्म्यावर येतात आणि शक्तीही निम्म्यावर येते. शिल्लक फारच थोडी! अशा वळणांवर मागे बसलेल्या मला उतरून चालावे लागले. माझे ६५ किलो कमी झाले की गाडी वर जायची, आणि मी दर वीस पावलांवर धापा टाकत तिच्या मागे.

हे झाले शक्तीचे. पण काळा धूर का? हवा कमी आत गेली, तर पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी जायला हवे. इथेच कार्बुरेटर चुकतो, आणि त्याची चूक मोठी मजेदार आहे.

कार्बुरेटरमध्ये हवेची वाट एका ठिकाणी अरुंद केलेली असते. त्या गळ्यातून हवा वेगाने जाते. बर्नुलीच्या सिद्धांतानुसार तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल 'जेट' नावाच्या पितळी तुकड्याच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते. इंजिनाचे फेरे तेवढेच असतील, तर गळ्यातला हवेचा वेग खिंडीतही तेवढाच राहतो. दाबातली घट हवेच्या घनतेच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती ०.५६ पट होते. पण छिद्रातून येणारे पेट्रोल दाबातल्या फरकाच्या प्रमाणात बदलत नाही, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ०.५६ चे वर्गमूळ ०.७५. म्हणजे हवा आली ५६ टक्के आणि पेट्रोल आले ७५ टक्के! एकास १४.७ हे प्रमाण एकास ११ वर आले. जास्तीच्या पेट्रोलला जळायला हवा मिळत नाही. त्याची काजळी होते, प्लगवर बसते, धूर होऊन बाहेर पडते; आणि आधीच घटलेली शक्ती आणखी घटते. आमचे दोन्ही प्लग या वर्गमुळाने काळे केले होते.

सरचूच्या तंबूंपाशी एका तुकडीबरोबर आलेला एक मेकॅनिक भेटला. त्याने प्लगकडे एकदा पाहिले, पिशवीतून लहान छिद्राचे जेट काढून बसवले आणि जुने जेट मित्राच्या हातात ठेवून बजावले, "खाली उतरलात की हे परत लावा." धूर थांबला, इंजिनाचा आवाज स्वच्छ झाला. तरीही टंगलंग लाच्या वळणांवर मला उतरावे लागलेच. जेटने पेट्रोल बेताचे केले होते. हवा आणून दिली नव्हती.

काहीजण अशा वेळी एअर फिल्टरच काढून टाकतात. हा उपाय मला मुळीच पटत नाही. फिल्टरचा अडथळा किरकोळ असतो, आणि त्या रस्त्यावरची धूळ एकदा सिलिंडरमध्ये शिरली की पिस्टनच्या रिंगा घासून काढते.

२०२० च्या एप्रिलपासून भारतात दुचाकींना बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. त्यात दाब आणि तापमान मोजणारे संवेदक असतात आणि त्यांच्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. अशी गाडी खिंडीत काळा धूर सोडत नाही. पण तिलाही मिळणारी हवा ५६ टक्केच. त्यामुळे नवी गाडी घेऊन जाणाऱ्यानेही चढासाठी सामान कमी घ्यावे, आणि मागे बसणाऱ्याने चालायची तयारी ठेवावी.

गाडीवरच्या माणसाचे काय? फुप्फुसेही हवा मापानेच घेतात. मात्र शरीर जुळवून घेते. श्वास जलद व खोल होतो आणि पुढे काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. म्हणून विमानाने थेट लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, उतरणाऱ्यांना पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगतात. डोके दुखत असताना, मळमळत असताना आणखी वर चढणे जिवावर बेतू शकते. तेव्हा थांबावे, आणि त्रास वाढला तर खाली उतरावे.

आता त्या जुन्या जेटचे काय झाले, ते सांगतो. परतताना मनालीला पोहोचलो तेव्हा गाडी इतकी छान चालत होती, की मित्राने जेट बदलायचा कंटाळा केला. मीही आग्रह धरला नाही, आणि मी तर पदार्थविज्ञान शिकवणारा! सपाटीवर हवा पुन्हा घट्ट झाली, सिलिंडरमध्ये भरपूर जाऊ लागली. पेट्रोल मात्र बारीक छिद्रातून तेवढ्या प्रमाणात येईना. आता चूक उलट बाजूला झाली होती. पेट्रोल कमी पडले की ज्वलन लांबते आणि इंजिन फार तापते. वर ऑगस्टचे ऊन आणि मोकळा महामार्ग. अंबाल्याच्या अलीकडे पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसला. मागचे चाक जागच्या जागी अडकले. मित्राने वेळीच क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. गाडी टेंपोत घालून गॅरेजमध्ये नेली. पिस्टन नवा घालावा लागला, सिलिंडर बोअर करून घ्यावा लागला. पैसे देण्यासाठी मित्राने खिशात हात घातला, तेव्हा नोटांबरोबर ते पितळी जेटही बाहेर आले.