मुरुमांची पन्नास वर्षं

सत्तरच्या दशकात मुरुमांवरचा घरगुती इलाज ठरलेला होता. सहाणेवर जायफळ उगाळायचं, रात्री लावायचं, सकाळी डाळीच्या पिठाने तोंड धुवायचं. आई-आजीचा निकालही ठरलेला : वयाचं आहे, लग्न झालं की जातील. काहींचे जात. काहींचे जाताना गालावर कायमचे खड्डे ठेवून जात, आणि त्यांच्यावर काही जायफळाची मात्रा चालत नव्हती.

त्याच सुमाराला, १९७१ मध्ये, अमेरिकेत ट्रेटिनॉइनच्या मलमाला मंजुरी मिळाली. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध त्वचेची छिद्रं तुंबूच देत नाही. आजही ते रात्री वाटाण्याएवढं लावायला सांगतात. ते पुढे आणणारे फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन. होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यात या औषधाच्या चाचण्याही होत्या. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय. क्लिगमन यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये.

खरी उलथापालथ केली आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीने. गाठींचे हट्टी मुरूम असलेल्या १४ रुग्णांना गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी ती दिली. १३ जणांचे मुरूम पूर्ण गेले आणि औषध थांबल्यावरही बराच काळ परतले नाहीत. हे प्रसिद्ध झालं १९७९ मध्ये, आणि १९८२ मध्ये गोळीला मंजुरी मिळाली. तिने तैलग्रंथीच आक्रसतात. ओठ फुटतात, ते चालून जातं. पण गरोदरपणात घेतली तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गर्भ राहण्याची शक्यता असेल तिथे आधी तपासणी, औषध चालू असताना आणि नंतर किमान महिनाभर गर्भनिरोधन. कॉलेजातल्या मुलीशी, तेही आईसमोर, हा विषय काढताना आपल्याकडे डॉक्टरच अवघडतात. अवघडू नये.

खड्ड्यांकडे नीट लक्ष गेलं ते उशिरा. आधी फिरत्या ब्रशने कातडी खरवडत. सावळ्या चेहऱ्यावर त्याचेच डाग उठत. १९९५ मध्ये सबसिजन आलं : खड्ड्याला खाली ओढून धरणारे तंतू सुईने आतल्या आत कापायचे. २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी 'क्रॉस' पद्धत मांडली. टोकदार लाकडी काडी तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून अरुंद, खोल खड्ड्याच्या तळाशी दाबायची. बघता बघता तेवढाच ठिपका पांढराफटक पडतो, मग खपली धरते आणि आतून नवं कोलॅजन भरत येतं. पुढे फ्रॅक्शनल लेसर आणि मायक्रोनीडलिंग आलं. जाहिरातीत मिरवतो तो लेसर, पण अशा खड्ड्यांना बरेचदा ती स्वस्त काडीच जास्त लागू पडते. आणि कुठलाही उपाय खड्डे उथळ करतो, गाल पूर्वीसारखा करून देत नाही.

आपल्याकडे घोळ झाला तो वेगळाच. मेडिकलवाल्याला विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब! चार दिवस चेहरा उजळतो. मग लाली, आग, लव आणि पहिल्यापेक्षा जास्त मुरूम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतातच. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल, तर मुरुमांसाठी ती घेऊ नका. महिनोन्महिने लावत असाल, तर परस्पर बंद करण्याआधी ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.