परदेशी नागरिकत्व आणि बालाघाटचे शेत

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळून साधारण 5 वर्षे झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन संसार एकत्र असेल, तर 3 वर्षांनी. बालाघाट, वारासिवनी, कटंगीकडच्या मराठी घरांतून तिकडे गेलेल्यांचा हा निर्णय मात्र बहुतेकदा शेतापाशी अडतो. वैनगंगेच्या खोऱ्यातले धानाचे बांध, 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिन्नोर तांदळाचे एखादे वावर, खसऱ्यावर वडिलांचे नाव. मुलगा परदेशी झाला की हे सारे हातचे जाईल, असा समज घट्ट बसला आहे.

तो चुकीचा आहे. मुलगा परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक झाला, तरी वारसाहक्काने आलेली शेतजमीन त्याच्याकडे राहते. वडिलांच्या पश्चात तहसील कार्यालयात नामांतरण होते, आणि पुढे ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकताही येते. खरी मेख दानपत्रात आहे. महाराष्ट्रात ज्याला बक्षीसपत्र म्हणतात, त्या मार्गाने वडिलांनी हयातीतच शेत परदेशस्थ मुलाच्या नावे केले, तर फेमाखालील (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील) नियमांत ते बसत नाही. घर किंवा प्लॉट असा देता येतो, शेत नाही. काळजीपोटी लवकर उरकलेले काम इथे उलटते.

याला जोडूनच दुसरा समज असतो: भारतीय पासपोर्ट आहे तोवर शेजारचे वावर विकत घेऊन ठेवावे. पण शेतजमीन विकत घेण्याची मनाई भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसालाही लागू आहे. म्हणजे शेत विकत घेण्याची संधी परदेशी नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी जात नाही. ती परदेशी स्थायिक होतानाच गेलेली असते.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, तो वापरणे गुन्हा ठरतो. ओसीआय कार्डावर आयुष्यभर येता-जाता येते, मतदान करता येत नाही. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासींना मात्र 2011 पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येते. मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः यावे लागते.

परतीची वाट कायमची बंद होते, हेही खरे नाही. ओसीआय नोंदणीला 5 वर्षे झाली आणि अर्जाआधी 12 महिने भारतात वास्तव्य असले, तर पुन्हा भारतीय नागरिकत्व मागता येते. त्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.

नागरिक झाल्यावर गावच्या उत्पन्नावरही अमेरिकेचा कर लागेल, या धास्तीने काहीजण थांबतात. जगभरचे उत्पन्न दाखवण्याचे बंधन ग्रीन कार्डधारकावर आधीपासूनच असते.

थांबण्याची किंमत मात्र घरातल्यांना मोजावी लागते. आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज फक्त 21 वर्षांवरील नागरिक करू शकतो, ग्रीन कार्डधारक नाही. बालाघाटात दोघेच म्हातारे उरले असतील, तर ही बाब आधी पाहायला हवी. मुलांचेही तसेच: आई किंवा वडील नागरिक झाले, तर त्यांच्याजवळ राहणारे, ग्रीन कार्ड असलेले 18 वर्षांखालील मूल आपोआप नागरिक होते. त्यासाठी अठराव्या वाढदिवसाआधी नुसता अर्ज पुरत नाही, शपथच व्हावी लागते.