मंडालेच्या पलीकडचे फलाम

ब्रह्मदेश म्हटले की मराठी माणसाला दोन ठिकाणे आठवतात. एक लोकमान्यांचा मंडालेचा तुरुंग आणि दुसरे रत्नागिरीचा थिबा पॅलेस. इथला कैदी तिकडे गेला, तिथला राजा इकडे आला. माझाही ब्रह्मदेश बरीच वर्षे मंडालेलाच संपत होता. त्याच्या पश्चिमेला भारताच्या सीमेपर्यंत डोंगरांचा रुंद पट्टा आहे आणि तिथे चिन लोक राहतात, एवढेच पुस्तकातून माहीत होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत मिझोराममधल्या झोखावथरला गेलो. गावाच्या टोकाला तिआऊ नदी, तिच्यावर पूल आणि पलीकडे म्यानमार. पुलापासून थोड्याच अंतरावर रिह दिल नावाचे तळे आहे. मृतांचे आत्मे या तळ्यावरून परलोकी जातात, अशी मिझो लोकांची जुनी समजूत. मिझोराममधले सर्वांत मोठे तळे म्यानमारमध्ये आहे, असे ते गमतीने म्हणतात. मी मात्र पूल ओलांडला नाही. पलीकडे लढाई चालू होती आणि माझी भेट अलीकडेच आलेल्या एका फलामच्या बाईंशी होती. बरोबरचा मिझो मुलगा दुभाष्या झाला. तिची बोली आणि त्याची भाषा इतक्या जवळच्या, की निम्मे संभाषण मला न सांगताच पुढे जात होते.

ओळख म्हणून मी थिबाचा विषय काढला. तुमचा राजा आमच्या रत्नागिरीत तीस वर्षे कैदेत होता, १९१६ साली तिथेच वारला, वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, तो आमचा राजा नव्हता.

मी जे वाचत होतो, ते या एका वाक्याने सरळ लागले. मंडालेच्या राजाची सत्ता या डोंगरांत कधी नीट पोचलीच नाही. १८८६ साली वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्यावर इंग्रजांना वाटले, मागचे डोंगरही आपोआप आपलेच झाले. चिन लोकांना तसे वाटले नाही. १८८९-९० च्या चिन-लुशाई मोहिमेत ब्रह्मदेश आणि बंगाल अशा दोन बाजूंनी फौजा आत शिरल्या. पुढची काही वर्षे बंड, गावे जाळणे आणि बंदुका गोळा करणे यांतच गेली. हे सारे करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी केरी आणि टक या दोघांनी १८९६ साली 'द चिन हिल्स' हा ग्रंथ काढला. आजही चिन अभ्यासकांना त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यांनी गावे जाळली, त्यांच्याच वहीत गावांची वर्णने शिल्लक राहावीत, हे आपल्या गॅझेटियरांच्या बाबतीतही थोडेफार खरे आहे.

फलाम त्या काळात ठाण्याचे गाव म्हणून वाढले. सुमारे पाच हजार फूट उंची, खाली खोल दरीत मणिपूर नदी आणि कारभाराला सोयीची मधली जागा. चिन हिल्स बटालियनचे मुख्यालय इथेच आले. इंग्रजांपूर्वी या भागातल्या ताशोन लोकांचा कारभार एकाच वंशपरंपरागत घराण्याकडे नव्हता, तो प्रमुखांच्या मंडळाकडे होता. इतर ठिकाणी घराणी होती, पण त्यांचे वजन कमीजास्त होत असे. इंग्रजांनी १८९६ च्या चिन हिल्स रेग्युलेशनने या प्रमुखांना सरकारी शिक्का दिला. कर गोळा करा, मजूर पुरवा आणि त्या बदल्यात तुमची गादी पक्की. १९१७ मध्ये फ्रान्सच्या युद्धभूमीसाठी मजूर मागितले, तेव्हा हाखा आणि थांतलांगच्या लोकांनी उठाव केला. तो मोडायला दोन वर्षे लागली.

याच सरकारी गावात २० फेब्रुवारी १९४८ रोजी सुमारे पाच हजार चिन प्रतिनिधी जमले. ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन दोन महिनेही झाले नव्हते. वर्षभरापूर्वी पांगलाँगच्या करारावर चिनांच्या वतीने तिघांनी सह्या केल्या होत्या. फलामचा प्रश्न वेगळा होता: वंशपरंपरागत प्रमुख ठेवायचे की नाहीत? शिकारीत त्यांचा वाटा, धान्यात वाटा, वर फुकटची मजुरी. जुन्या पद्धतीच्या बाजूने फक्त १७ मते पडली, असे सांगतात. हाच दिवस पुढे चिन राष्ट्रीय दिन ठरला. राष्ट्रीय दिन म्हणून लढाई किंवा वीरपुरुषाचा जन्म निवडणारे लोक पुष्कळ. स्वतःच्याच सरदारांना मतदानाने घरी बसवल्याचा दिवस साजरा करणारे मला दुसरे आठवत नाहीत.

मानमरातब मात्र पुढे कारभाराच्या दप्तराबरोबर हाखाला गेला. १९७४ मध्ये चिन राज्य झाले, तेव्हा राजधानी हाखाच होती.

बाईंना या इतिहासापेक्षा घराविषयी बोलायचे होते. डोंगरउतारावरचे घर, पुढचा दरवाजा रस्त्याच्या पातळीला आणि मागची बाजू उंच खांबांवर. खांबांमध्ये वर्षभराचे सरपण रचलेले. डोंगर जाळून केलेल्या फिरत्या शेतीत मुख्य पीक मका. तो मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून सबुती नावाची पातळ खीर म्हणा, पेज म्हणा, करतात. सुरणाच्या कुळातला एक रानकंद चकत्या करून वाळवायचा आणि व्यापाऱ्याला विकायचा. पैसा त्यावर येतो, नाहीतर मलेशियात किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलांकडून. मिठाई, मीठ, औषध सारे खाली मैदानातल्या काले गावाहून, एकाच रस्त्याने. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद. २००६ नंतर बांबू फुलला आणि उंदरांनी शेते फस्त केली, ती वर्षेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितली. रविवारी चर्च, दुपारी फुटबॉल. २०२० मध्ये जवळच सुरबुंगला विमानतळ झाला, चिन राज्यातला पहिला. त्याचे त्यांना भारी कौतुक होते.

आठ-नऊ महिन्यांतच १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव झाला. चिन तरुणांनी सुरुवातीला उचलल्या त्या तुमी, म्हणजे ठासणीच्या शिकारी बंदुका. इंग्रजांनी गोळा केल्या होत्या तशाच. थांतलांग गावातली घरे जाळली गेली, एका ऑक्टोबरच्या दिवसात दीडशेहून अधिक. नोव्हेंबर २०२४ मध्ये फलामला वेढा पडला, विमानांतून बाँब पडू लागले आणि गाव रिकामे झाले. आमचे बोलणे झाले तेव्हा लष्कराचा तळ अजून झुंजत होता. तो एप्रिल २०२५ मध्ये पडला.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुले २० फेब्रुवारीच्या नाचाची तालीम करत होती. बाई मधूनच उठून त्यांची पावले दुरुस्त करून येत. घराचे काय झाले, हे विचारायचा धीर मला झाला नाही. त्यांनीच सांगितले. भिंती आहेत की नाहीत ठाऊक नाही, पण निघाल्या तेव्हा खालचे सरपण पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल इतके होते.