झोपेची गोळी आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ

मनोविकारांवरील औषधांसंबंधी आपल्या समाजात जे ग्रह रूढ आहेत, त्यांतील बरेचसे औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सकाळींत पक्के होतात. महिनोन् महिने झोप हरवलेला एखादा गृहस्थ नाना शंका बाजूस सारून मनोविकारतज्ज्ञाकडे जातो. रात्री घ्यावयाची एक लहानशी गोळी त्याला मिळते. त्या रात्री तो खरोखरच झोपतो. परंतु सकाळी डोके जड, तोंड कोरडे आणि पापण्यांवर जणू कोणी बोट ठेवलेले. चहा पुढ्यात निवून जातो, वर्तमानपत्रातील अक्षरे डोळ्यांपुढून सरकतात, आणि दहा वाजले तरी अंघोळीला उठण्याची इच्छा होत नाही. घरची माणसे घाबरतात. ‘ही औषधे माणसाला नुसती गुंगवून ठेवतात’ असा निकाल होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्यांची पट्टी कपाटातील कागदांखाली जाऊन पडते. डॉक्टरांना मात्र यातले काहीच कळत नाही. उपचार असे सुरू होण्यापूर्वीच संपतात. म्हणून ही सकाळची गुंगी का येते, ती किती दिवस राहते, ती असताना कसे वागावे आणि कोणत्या प्रसंगी ती सोसू नये, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती ही की यांतील पुष्कळशी औषधे मुळात केवळ झोपेची औषधे नव्हेत. अमिट्रिप्टिलीन, ट्रॅझोडोन, मिर्टाझापीन ही नैराश्यावरील औषधे होत. क्वेटियापीन हे मनाच्या अधिक गंभीर विकारांवरील. त्यांचे काम वेगवेगळे असले, तरी झोप आणणे हा गुण त्यांना समान आहे, आणि जेथे नैराश्याबरोबर झोपही गेलेली असते, तेथे डॉक्टर या गुणाचा जाणूनबुजून उपयोग करून घेतात. आपण येथे मिर्टाझापीनचेच उदाहरण घेऊ. १९९४ साली नेदरलँड्समध्ये ते प्रथम वापरात आले, आणि आज आपल्याकडेही झोप व भूक दोन्ही हरपलेल्या रुग्णांना ते पुष्कळदा दिले जाते.

या औषधाने झोप का येते, हे समजण्यासाठी थोडे सर्दीच्या गोळीकडे वळावे लागेल. सर्दीची जुनी गोळी घेतली की डोळे मिटू लागतात, हा अनुभव बहुतेकांना असतो. आपल्या शरीरात हिस्टामीन नावाचे एक द्रव्य आहे. नाकात आणि त्वचेत ते शिंका व खाज उत्पन्न करते. मेंदूत मात्र त्याचे कार्य निराळे आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा केंद्रातील पेशी दिवसभर हिस्टामीन सोडून मेंदूला जागे ठेवतात आणि झोपेत त्या शांत होतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे यांनी १९३७ साली हिस्टामीनला अडविणारे पहिले द्रव्य शोधले, आणि १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या द्रव्यांच्या वंशातूनच पुढे क्लोरप्रोमझीन निघाले आणि १९५२ साली पॅरिसमध्येच ते मनोरुग्णांना देण्यात येऊ लागले. आधुनिक मानसोपचारातील औषधांचे युग तेथून सुरू झाले, असे मानतात. तेव्हा सर्दीची गोळी आणि मनाची गोळी यांचे नाते दिसते तितके दूरचे नाही. मिर्टाझापीन हे हिस्टामीनची वाट अतिशय बळकटपणे अडविते. ते मेंदूला बधिर करते असे म्हणण्यापेक्षा जागेपणाची वात खाली करते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. अडचण एवढीच की सूर्य उगवला म्हणून ती वात आपोआप वर येत नाही.

ती का येत नाही, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. शरीरातील औषधाचा अंश निम्मा होण्यास जो काळ लागतो, त्याला त्या औषधाचे अर्धायुष्य म्हणतात. मिर्टाझापीनचे अर्धायुष्य साधारणतः वीस ते चाळीस तासांचे असते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक असते, आणि वृद्धांच्या शरीरातूनही औषध सावकाश बाहेर पडते. सोयीसाठी ते चोवीस तास धरू, आणि एक गोळी म्हणजे एक जुना, सोळा आण्यांचा रुपया मानू. पहिल्या रात्री शरीरात एक रुपया आला. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्यातले आठ आणे उरले. त्यांत नव्या गोळीचा रुपया मिळाला, म्हणजे दीड रुपया झाला. तिसऱ्या रात्री बारा आणे शिल्लक आणि नवा रुपया, म्हणजे पावणेदोन. चौथ्या रात्री एक रुपया चौदा आणे. अशी ही शिल्लक दोन रुपयांच्या जवळ जाऊन थांबते, कारण आता दिवसाकाठी जेवढे खर्च होते तेवढेच जमा होते. ही स्थिती येण्यास सुमारे पाच दिवस लागतात.

या हिशेबावरून दोन गोष्टी कळतात. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी सहाला संपलेली नसते. तिचा बराच मोठा भाग शरीरात असतो. तेव्हा सकाळचा जडपणा हा कल्पनेचा खेळ नव्हे आणि आळसही नव्हे. दुसरी गोष्ट मात्र थोडी चमत्कारिक आहे. पहिले पाच दिवस औषधाचा साठा वाढत जातो. मग गुंगीही वाढत जावयास हवी. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत अधिक असते आणि पुढे एक-दोन आठवड्यांत ओसरते. याचे कारण असे की मेंदू स्वस्थ बसत नाही. हिस्टामीनची वाट अडलेली पाहून तो हळूहळू तिच्याशी जुळवून घेतो. नैराश्यावरील मुख्य गुण मात्र याच्या उलट चालीने, दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास अगोदर आणि लाभ मागाहून. जो तिसऱ्या दिवशी गोळी टाकून देतो, तो त्रास तेवढा पदरी घेतो आणि लाभाच्या आधीच परत फिरतो.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय सुरुवातीचा दिवस निवडण्याचा. डॉक्टरांची हरकत नसेल, तर ज्याच्या पुढे दोन सकाळी मोकळ्या आहेत, अशा रात्री पहिली गोळी घ्यावी. दुसरा उपाय गोळीच्या वेळेचा. रात्री बारा वाजता गोळी घेऊन सहा वाजता उठावयाचे, ही व्यवस्था गुंगीला आमंत्रण देणारी आहे. हे औषध पोटात गेल्यावर सुमारे दोन तासांनी रक्तात सर्वांत अधिक असते. डॉक्टरांना विचारून ती वेळ तास-दीड तास अलीकडे आणली आणि त्यापुढे पूर्ण आठ तास अंथरुणाला दिले, तर हा भर झोपेतच ओसरतो. येथे हेही ध्यानात ठेवावे की महिनोन् महिने जागलेल्या माणसाची झोपेची उधारी मोठी असते. पहिल्या दिवसांतील काही झोप ही त्या उधारीची फेड असते, सर्व दोष गोळीचा नसतो. निरोगी माणसालाही जाग आल्यावर अर्धा-पाऊण तास जडपणा वाटतोच.

सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. जाग येताच ताडकन उठू नये. आधी कडेला बसावे, पाय जमिनीवर टेकवून मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे. अशा औषधांनी एकाएकी उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. त्यानंतर उजेडात जावे. गच्ची, अंगण, गॅलरी, जेथे आकाश दिसेल तेथे वीस-पंचवीस मिनिटे हिंडावे. मेंदूला दिवस झाल्याची वर्दी देण्यास सकाळच्या उजेडाइतके साधे साधन दुसरे नाही. एक-दोन कप चहा-कॉफीला हरकत नसावी. परंतु गुंगी घालविण्यासाठी दिवसभर कप रिचवीत राहणे बरे नव्हे. कॉफीतील उत्तेजक द्रव्य निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात, आणि संध्याकाळचा कप रात्रीच्या झोपेशी भांडतो. दुपारी अगदीच राहवले नाही तर वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, गजर लावून. या औषधाने भूकही वाढते आणि गोडाची ओढ लागते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

काही गोष्टींत मात्र कोणतीही सवलत घेता कामा नये. सकाळी डोके हलके झाल्याची खात्री होईपर्यंत स्कूटर, मोटार, रिक्षा वा ट्रॅक्टर चालवू नये. लेथवर किंवा उंच शिडीवर काम करू नये. पेंगुळलेला माणूस आपल्या पेंगेचा चांगला परीक्षक नसतो. ‘मला काही होत नाही’ हे त्याचे मत प्रमाण मानू नये. मिर्टाझापीनपेक्षा कितीतरी लवकर शरीराबाहेर जाणारी झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे. तिचाही अंश सकाळी वाहन चालविण्यास बाधक ठरण्याइतका उरू शकतो, असे दिसून आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली स्त्रियांसाठी तिची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणविली. ज्यांची उपजीविकाच चाकावर अवलंबून आहे, त्यांनी ही गोष्ट औषध लिहून घेतानाच सांगावी. मद्य आणि भांग पूर्णपणे वर्ज्य समजावी. सर्दी-खोकल्याची औषधेही मनाने घेऊ नयेत. त्यांतील अनेक औषधे त्याच हिस्टामीनची वाट अडवितात.

घरातील माणसांवरही थोडी जबाबदारी येते. घरात वृद्ध रुग्ण असेल, तर अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा, सतरंजीच्या दुमडी काढाव्यात; रात्री अर्धवट गुंगीत पडून खुबा मोडणे हे औषधाच्या गुंगीपेक्षा फार मोठे संकट आहे. तान्ह्या मुलाच्या आईला असे औषध सुरू झाले, तर बाळाला तिच्या कुशीत झोपवू नये, आणि रात्री त्याच्याकडे पाहण्यास दुसरे कोणी तरी जागे होणारे माणूस असावे. अंगावर पाजणाऱ्या मातेने तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. आणि सकाळी उशिरा उठणाऱ्यास टोचून बोलू नये. ‘लोळत पडण्याला औषध म्हणतात काय?’ या एका वाक्याने आठवड्याचा उपचार वाया गेलेला आहे, अशी घरे थोडी नाहीत.

गोळी कधी घेतली, झोप केव्हा लागली, जाग केव्हा आली आणि जडपणा किती वाजेपर्यंत राहिला, एवढे चार आकडे चौदा दिवस एका वहीत लिहून ठेवावे. ‘फार गुंगी येते’ या तक्रारीपेक्षा ‘पहिल्या दिवशी बारापर्यंत, सहाव्या दिवशी साडेनऊपर्यंत’ ही नोंद डॉक्टरांना अधिक सांगते. मात्रा बदलणे, वेळ सरकविणे, औषध पालटणे असे अनेक मार्ग त्यांच्यापाशी असतात. आपण मात्र मनाने गोळी अर्धी करू नये, चुकलेली गोळी दुसऱ्या रात्री दुप्पट घेऊ नये, आणि पुष्कळ दिवस घेतलेले औषध एकाएकी बंद करू नये.

आणि काही लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यास दोन आठवडे वाट पाहावयाची नसते. हाक मारूनही नीट जाग न येणे, भोवळ येऊन पडणे, वृद्ध माणसाने असंबद्ध बोलणे, घोरता घोरता श्वास अडणे, ताप येऊन घसा दुखणे, पाय सतत हलवावेसे वाटणारी अस्वस्थता, अथवा जीव नकोसा वाटण्याचे विचार वाढणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तरुण रुग्णांत उपचाराच्या आरंभी या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आपल्या गावी मनोविकारतज्ज्ञ नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. जीव धोक्यात आहे असे वाटल्यास मात्र दूरध्वनीवर विसंबून न राहता थेट रुग्णालय गाठावे.

वरील लक्षणांपैकी काही नसेल आणि केवळ जडपणाच असेल, तर तो बहुधा थोड्या दिवसांचा पाहुणा असतो. दोन आठवडे उलटूनही तो मुक्काम हलवीत नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ‘मला हे औषध सोसत नाही’ असे स्पष्ट सांगावे. असे सांगण्यात भिडेचे वा संकोचाचे काही कारण नाही. कपाटात दडविलेल्या पट्टीपेक्षा डॉक्टरांपुढे उघडपणे ठेवलेली तक्रार रुग्णाच्या अधिक हिताची असते.