‘साचेबद्ध’ प्रेमकथा: एका मतातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

‘प्रेमकादंबऱ्या सगळ्या एकाच साच्यातल्या, त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?’ लोकप्रिय साहित्यावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे हमखास ऐकावं लागतं. त्यावर वैतागू नका. हे नुसतं मत आहे, आणि मत तपासता येतं. साचा म्हणजे नेमकं काय? लेखक तो कसा वापरतो? वाचक त्यातून काय घेतो? झाले की तीन प्रश्न! त्यावर काम कसं झालंय, ते बघू.

१. संहितेकडून

पामेला रेजिस यांनी २००३ मधल्या पुस्तकात प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले: समाजाचं चित्र, भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, अडथळा दूर करणारा उलगडा आणि शेवटी लग्नाचं ठरणं. महत्त्वाचं म्हणजे, यांचा क्रम ठरलेला नाही आणि एखादा घटक पुन्हाही येऊ शकतो.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) घ्या. डार्सीची कबुली शेवटी नाही, पुस्तकाच्या साधारण मध्यावर येते, आणि एलिझाबेथ त्याला साफ नकार देते. पुढे तिचं मन वळू लागतं, तेवढ्यात धाकटी बहीण लिडिया पळून जाते. आता काही खरं नाही, असं एलिझाबेथला वाटतं. घटक तेच, पण ते कुठे आणि किती वजनाने ठेवायचे हे लेखिकेचं कसब.

लिहायला शिकणाऱ्यांनीही ‘अडथळा’ नीट बघावा. तो दोन प्रकारचा असतो. बाहेरचा, म्हणजे पैसा, घराणं, अंतर. आतला, म्हणजे अहंकार, भीती, गैरसमज. दोघांनी पाच मिनिटं मोकळेपणाने बोलल्यावर सुटेल असा अडथळा तीनशे पानं पेलत नाही. आतला अडथळा सुटायला माणूस बदलावा लागतो, आणि तो बदल पटेल असा दाखवण्यातच लेखकाची खरी परीक्षा असते.

२. वाचकाकडून

जॅनिस रॅडवे यांचं ‘रीडिंग द रोमान्स’ १९८४ मध्ये आलं. अमेरिकेतल्या एका गावातल्या (‘स्मिथटन’ हे त्याला दिलेलं टोपणनाव) प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलल्या. ४२ जणींच्या प्रश्नावल्या, शिवाय मुलाखती. नमुना छोटाच, पण हाती लागलं ते केवळ पुस्तकं वाचून कळलं नसतं. घरात सगळ्यांचं सगळं बघणाऱ्या या बायकांसाठी पुस्तक हातात घेणं म्हणजे ‘आता थोडा वेळ माझा’ असं सांगणं होतं. म्हणजे गोष्टीचा अर्थ आणि वाचण्याच्या कृतीचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. साचा का टिकतो, याचं उत्तरही थोडं इथे मिळतं: दमून बसलेल्या वाचकाला शेवट गोड होणार याची खात्री हवी असते.

३. मग तुमचा प्रश्न कोणता?

मराठीत एक तयार संधी आहे. ना. सी. फडक्यांनी प्रेमकादंबऱ्याही लिहिल्या आणि ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये कथालेखनाचं तंत्रही मांडलं. ‘फडक्यांच्या कादंबऱ्यांतलं प्रेम’ हा झाला नुसता विषय. ‘फडक्यांनी सांगितलेलं तंत्र आणि त्यांच्याच कादंबऱ्यांतले अडथळे यांचा मेळ कुठे बसतो, कुठे बसत नाही?’ हा झाला प्रश्न.

कामाला लागताना तीन गोष्टी करा:

- प्रत्येक घटकाची व्याख्या वाचन सुरू करण्याआधीच लिहून ठेवा. नाहीतर जे हवं तेच सापडत जातं.
- एकच कादंबरी मित्राला स्वतंत्रपणे तपासायला द्या. तुमच्या नोंदी जुळत नसतील तर आधी व्याख्या दुरुस्त करा.
- साच्यात न बसणारं पुस्तक मुद्दाम शोधा आणि ते टाकून देऊ नका.

या आठवड्यात एकच करा. आवडती प्रेमकादंबरी घ्या आणि आठ घटक कुठल्या पानावर येतात ते लिहा. एखादा सापडलाच नाही, तर तिथेच थांबा. तुमचा प्रश्न बहुतेक तिथेच असेल.