रक्त बदलल्यानंतरची काच

हळ्ळीखेड (बी)हून बीदरला आणलेलं तीन किलोचं बाळ. जन्मून दुसराच दिवस, पण कावीळ पार तळपायापर्यंत उतरलेली. आई आरएच निगेटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणात अँटी-डीचं इंजेक्शन राहून गेलेलं. निळ्या दिव्याखालीही बिलिरुबिन चढतच राहिलं, तेव्हा रक्त बदलायचं ठरलं. आधीचा नमुना माझ्याकडे प्रयोगशाळेत आला. जी६पीडीसारखी तपासणी याच नमुन्यावर उरकावी लागते. नंतर सापडतं ते रक्तदात्याचं.

"समदं रक्त काढणार म्हन्तेत, मग लेकरू जगतंय कसं, बाई?" आजीने मला विचारलं.

"एकदम नाही काढत, आज्जी. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं."

नाळेच्या शिरेत बारीक नळी. दर खेपेला दहा-पंधरा मिली बाहेर, तितकंच कोमट रक्त आत. अंगातल्या रक्ताच्या दुप्पट, म्हणजे सुमारे पाचशे मिली, दीड-दोन तासांत फिरतं. नर्स मधूनमधून पिशवी हलवत होती. ती हलवली नाही तर पेशी तळाशी बसून आधी निघून जातात आणि शेवटी बाळाला नुसतं पातळ रक्त मिळतं.

सूक्ष्मदर्शकाखाली आधीच्या नमुन्याच्या काचेवर तांबड्या पेशी मोठ्या, लहानमोठ्या आकारांच्या. केंद्रक असलेल्या कच्च्या पेशीही बऱ्याच, कारण मज्जा घाईघाईने माल बाहेर ढकलत होती. नंतरच्या काचेवर बहुतेक पेशी मोठ्या माणसाच्या, आकाराने लहान आणि एकसारख्या. बाळाच्या स्वतःच्या जेमतेम पंधरा टक्के उरल्या. रक्तगटही दात्याचा, ओ निगेटिव्ह दिसू लागला. म्हणून बाळाचा मूळ गट फाईलवर ठळक लिहून ठेवावाच लागतो.

सगळ्यांचं लक्ष बिलिरुबिनकडे. ते निम्म्यावर आलं, पण पेशीजालातलं रक्तात परतलं की पुन्हा वाढतं, म्हणून दिवा सुरूच. माझी नजर प्लेटलेटवर होती. साठवलेल्या थंड रक्तात कामाच्या प्लेटलेट उरत नाहीत, बाळाच्या मात्र वाहून जातात. काचेच्या एका भागात मोजून दोन-तीन दिसल्या, तशी मी लगेच वॉर्डात फोन केला. पांढऱ्या पेशीही घटल्या होत्या. त्या लवकर सावरतात. प्लेटलेटला काही दिवस लागतात, तोवर रक्तस्रावावर लक्ष ठेवावं लागतं.

घरी सोडताना कार्डावर पुढच्या हिमोग्लोबिनची तारीख लिहिली. आईकडून आलेली प्रतिपिंडं काही आठवडे बाळाच्या नव्या पेशी मोडत राहतात. म्हणून दूध पिताना बाळ थकलं किंवा पांढरंफटक दिसलं, तर तारखेची वाट न पाहता यायचं, हे आजीला दोनदा सांगितलं.