दर्यावर्दी हेन्री

पंधराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील खलाशांना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याची फारच थोडी माहिती होती. त्या किनाऱ्यावर बोजादोर नावाचे एक भूशिर आहे. तेथे समुद्र उथळ आणि प्रवाह जोराचा. हे भूशिर ओलांडून गेलेला माणूस पुन्हा घरी परतत नाही, असा खलाशांचा दृढ समज होता.

हा समज खोटा ठरविण्याचा निश्चय पोर्तुगालच्या एका राजपुत्राने केला. त्याचे नाव हेन्री. राजा पहिला जॉन याचा हा पुत्र १३९४ साली पोर्तो येथे जन्मला. आफ्रिकेतील सोने समुद्रमार्गे आपल्या देशी आणावे आणि आपल्या धर्माचा प्रसार करावा, अशी त्याची आकांक्षा होती.

हेन्रीने एकामागून एक गलबते दक्षिणेकडे धाडली. सुमारे बारा वर्षे ती बोजादोरपासून माघारी फिरली. १४३३ साली जिल एआनेस हा खलाशीही तसाच परतला. हेन्रीने त्याला बक्षिसाचे आश्वासन देऊन पुन्हा पाठविले. १४३४ साली एआनेसने किनारा सोडून गलबत खोल समुद्रात नेले आणि भूशिराला वळसा घातला. पलीकडे पाहतो तो समुद्र शांत! वर्षानुवर्षांची भीती एका दिवसात नाहीशी झाली.

पुढे या सफरींसाठी कॅराव्हेल जातीची हलकी जहाजे वापरात आली. त्यांची त्रिकोणी शिडे प्रतिकूल वाऱ्यातही वाट काढीत. त्यामुळे परतीचा प्रवास सुकर झाला.

परंतु या पराक्रमाला एक काळी बाजूही आहे. १४४४ साली पोर्तुगालमधील लागोस बंदरात २३५ आफ्रिकी बंदिवान उतरविण्यात आले. गुलाम म्हणून त्यांची वाटणी झाली. आईपासून मुले दुरावली. हेन्री घोड्यावर बसून हे पाहत होता. एक पंचमांश वाटा त्याचाच होता.

१४६० साली हेन्री मरण पावला. शोधाच्या सफरींवर तो स्वतः कधीच गेला नव्हता; ‘दर्यावर्दी’ हे बिरुद त्याला पुष्कळ काळाने इतिहासकारांनी दिले. त्याने आरंभिलेल्या मार्गानेच पुढे जाऊन १४८८ साली बार्तोलोमेउ दियाशने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला आणि १४९८ साली वास्को-द-गामा कालिकतजवळ पोहोचला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. तेथील त्यांची सत्ता १९६१ पर्यंत टिकली.

अज्ञाताची भीती चिकाटीने जिंकता येते, हे हेन्रीच्या चरित्रावरून दिसते. मात्र नव्या भूमीवर पाऊल ठेवणारा तेथील माणसांशी कसा वागतो, हेही इतिहास विसरत नाही.